चित्त देवापाशी ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

‘निरंतर प्रार्थना करा.’ थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला प्रेषित पौलाने इ.स. ५०च्या सुमारास लिहिलेल्या पहिल्या पत्रात हे वाक्य आहे. अवघे तीन शब्द. वाचायला सोपे, पण पाळायला घेतले की हात टेकायला लावणारे. माणसाला झोप आहे, कामधंदा आहे, घरात आजारपणं आहेत; दिवसभर प्रार्थना करणार तरी कधी? बरं, जी दहा-पंधरा मिनिटं मिळतात त्यातही डोळे मिटले रे मिटले की मनात भलतेच विषय सुरू होतात. कुणाला फोन करायचा राहिला, काल कोण काय टाकून बोललं, उद्याच्या मीटिंगमध्ये काय उत्तर द्यायचं. ‘आमेन’पर्यंत पोहोचतो तेव्हा आपण देवाकडे काय मागितलं हेही धड आठवत नाही.

उपदेशात तर सतत कानावर पडतं: देवाकडे लक्ष लावा, मन वरील गोष्टींकडे लावा, येशूकडे पाहत राहा. ऐकणारा मान डोलावतो. ते कसं करायचं हे मात्र क्वचितच कुणी उलगडून सांगतं. त्यामुळे कितीतरी प्रामाणिक विश्वासणारे मनातल्या मनात स्वतःला नापास करून टाकतात. आपल्याला हे जमत नाही म्हणजे आपला विश्वासच कच्चा, असं त्यांना वाटत राहतं. बायबल अभ्यासात हा विषय निघाला की एकेक जण आवाज खाली आणून कबुली देतो, जणू ही अडचण त्याच्या एकट्याचीच आहे. ती सगळ्यांची आहे. आणि पवित्र शास्त्र काय मागतं हे नीट पाहिलं, तर ते पेलवण्याजोगं आहे असं मला मनापासून वाटतं.

आधी मनाचा स्वभाव

हार्वर्ड विद्यापीठातले मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. २,२५० प्रौढ माणसांना दिवसभरात अधूनमधून, अचानक, फोनवर प्रश्न यायचा: आत्ता काय करताय, आणि मन त्याच कामात आहे की दुसरीकडे? उत्तरं पाहिली तर जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. हा अभ्यास प्रार्थनेबद्दलचा नव्हता, एकूण जगण्याबद्दलचा होता. मेंदूचे अभ्यासकही सांगतात की बाहेरचं काम थांबलं म्हणून मेंदू गप्प बसत नाही. तो झालेल्या गोष्टी, होऊ घातलेल्या गोष्टी आणि ‘माझं काय होणार’ या प्रश्नाभोवती फिरू लागतो.

आता प्रार्थनेला बसणं म्हणजे काय, ते बघा. आपण हातातलं काम थांबवतो, डोळे मिटतो, शांत जागा शोधतो. म्हणजे मन भटकायला हवी तशी सगळी तयारी आपणच करून देतो! तेव्हा ते भटकलं यात नवल काहीच नाही.

पवित्र शास्त्राला हे ठाऊक आहे. बायबलमधल्या ८६व्या स्तोत्रात दावीद देवाला विनवतो की माझं चित्त एकाग्र कर. ज्याच्याकडे एकाग्रता असते तो ती मागत बसत नाही. दाविदाचंही चित्त विखुरलेलं होतं, आणि ते गोळा करणं आपल्या एकट्याच्या हातचं नाही हे त्याला कळलं होतं. म्हणून त्याने त्याचीच प्रार्थना केली. या विषयात सुरुवात कुठून करायची, असं कुणी विचारलं तर मी या एका ओळीकडे बोट दाखवेन.

अंतःकरण कुठे जातं

बायबल ‘अंतःकरण’ म्हणतं तेव्हा ते केवळ भावनांविषयी बोलत नसतं. माणूस जिथे विचार करतो, निवड करतो, जिथून प्रेम करतो आणि जिथे घाबरतो, ते त्याच्या आतलं केंद्र म्हणजे अंतःकरण. म्हणून नीतिसूत्रांच्या चौथ्या अध्यायात सांगितलंय की इतर सगळ्यापेक्षा अंतःकरणाला जप, कारण जीवनाचे झरे तिथूनच निघतात. येशूला सगळ्यात मोठी आज्ञा कोणती असं विचारलं, तेव्हा त्याने ‘अनुवाद’ या बायबलमधल्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली आज्ञा सांगितली: देवावर पूर्ण अंतःकरणाने, पूर्ण जिवाने, पूर्ण बुद्धीने आणि पूर्ण शक्तीने प्रीती कर. आज्ञा प्रीतीची आहे. एकाग्रतेची परीक्षा त्यात कुठेही नाही.

इथे डोंगरावरील प्रवचनातलं एक वाक्य फार महत्त्वाचं ठरतं. जिथे तुझं धन आहे तिथे तुझं मनही लागेल, असं येशू म्हणतो. आपला अनुभव अगदी हाच आहे. मनाला ‘इकडे बघ’ म्हणून हुकूम सोडला तर ते दोन मिनिटं ऐकतं आणि मग आपल्याला जे मोलाचं वाटतं तिकडे निघून जातं. पैशाची घडी बसत नसेल तर पैशाकडे, मुलांचं काही बिनसलं असेल तर मुलांकडे, मान दुखावला गेला असेल तर त्या अपमानाकडे. प्रार्थनेत मन वारंवार कुठे पळतं याकडे नीट पाहिलं, तर आपलं धन कुठे ठेवलंय ते कळतं. ही माहिती लाजिरवाणी वाटली तरी कामाची आहे, कारण आता देवाशी कशाबद्दल बोलायचं ते आपल्याला कळलेलं असतं.

म्हणूनच ‘आजपासून मी देवावरचं लक्ष ढळू देणार नाही’ असा निश्चय चार दिवसांत बारगळतो. लक्ष हे प्रीतीच्या मागे जातं. देव किती भला आहे, ख्रिस्तात त्याने आपल्यासाठी काय केलं, हे जसजसं आत उतरतं तसतसं मन बोलावल्याशिवाय तिकडे वळू लागतं. त्याला वेळ लागतो. वर्षं लागतात.

घार आणि तिची पिल्लं

घार उडते आकाशी, चित्त तिचे पिलांपाशी, असं आपण म्हणतो. ती घार काही डोळे मिटून पिल्लांचं ध्यान करत नसते. ती वारा सांभाळते, खालचं भक्ष्य हेरते, झडप घालते. त्या क्षणी तिची नजर भक्ष्यावरच असते आणि असायलाच हवी. पण ती उडाली कशासाठी आणि वळून जाणार कुठे, हे आधीच ठरलेलं आहे. नजर कामावर असते, ओढ घरट्याची असते.

देवावर चित्त ठेवणं हे या जातीचं आहे. दिवसभर प्रत्येक क्षणी देवाविषयीचा विचार डोक्यात चालू ठेवणं माणसाला शक्य नाही, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरने किंवा गाडी चालवणाऱ्याने ते करू पाहणं धोक्याचंही आहे. मागणं एवढंच आहे की आपण जे करतोय ते त्याच्यासाठी असावं, त्याच्या नजरेसमोर असावं आणि मोकळं झालेलं मन त्याच्याकडे परतावं.

‘निरंतर प्रार्थना करा’ हे लिहिणारा पौल स्वतः कसा जगत होता? त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो आठवण करून देतो की तुमच्यापैकी कुणावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस कामधंदा करून तुम्हाला सुवार्ता सांगितली. प्रेषितांच्या कृत्यांत त्याचा व्यवसायही दिलाय: तंबू बनवणं. एकाच पत्रात एकच माणूस रात्रंदिवस काम केल्याचं सांगतो आणि निरंतर प्रार्थना करायलाही सांगतो. त्याला यात विरोध दिसत नव्हता. कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्राचा तिसरा अध्याय ‘वरील गोष्टींकडे मन लावा’ म्हणून सुरू होतो आणि त्याच अध्यायात पती-पत्नी, आईबाप आणि मुलं, धनी आणि दास यांच्या रोजच्या वागण्यापर्यंत खाली येतो. जे काही करता ते माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे तिथेच म्हटलंय. वर लावलेलं मन घरात आणि कामावर दिसावं लागतं.

राजाच्या प्रश्नापासून उत्तरापर्यंत

कामाच्या मध्यात प्रार्थना कशी दिसते याचं बायबलमधलं सगळ्यात बोलकं उदाहरण मला नहेम्याचं वाटतं. तो पारसाच्या अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार. यरुशलेमेचा तट पडलाय, वेशी जळाल्यात, ही बातमी त्याला किसलेव महिन्यात कळते. तो रडतो, उपास करतो, प्रार्थना करतो. मग नीसान महिना येतो, म्हणजे मधे सुमारे चार महिने गेले. त्या दिवशी तो राजापुढे द्राक्षारस घेऊन उभा आहे आणि राजाला त्याचा चेहरा उतरलेला दिसतो. तू आजारी तर नाहीस, मग तोंड असं का? नहेम्या लिहितो की मी फार भ्यालो. तरीही तो कारण सांगतो. राजा विचारतो, मग तुझी विनंती काय आहे?

आणि इथे एक वाक्य येतं: तेव्हा मी स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली, आणि राजाला म्हणालो. प्रार्थनेचे शब्दसुद्धा दिलेले नाहीत. डोळे मिटले नसणार, गुडघे टेकले नसणार. राजाच्या लक्षातही आलं नसावं. प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या श्वासाएवढीच ती प्रार्थना. पण त्या क्षणामागे चार महिन्यांची आसवं आणि विनवण्या होत्या. ज्याने एकांतात देवाकडे वळायची सवय केलेली असते, त्याला भर दरबारात वळायला एवढा वेळ पुरतो.

पुढे नहेम्या काय मागतो तेही पाहण्यासारखं आहे. वाटेतल्या सुभेदारांसाठी परवानगीची पत्रं, आणि राजाच्या वनाचा अधिकारी आसाफ याच्यासाठी वेशींना लाकूड द्यायचं पत्र. देवाकडे मन लागलेला माणूस व्यवहारात भोळसट होतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही यादी वाचावी. त्याला कुठल्या कार्यालयातून कोणता कागद लागणार हेही नेमकं माहीत होतं.

मन भटकणं हे पाप आहे का?

नाही. निदान भटकण्याची पहिली हालचाल तरी नाही.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहून ज्यांनी या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला त्यांत एव्हाग्रियस नावाचे एक संन्यासी होते. त्यांचं म्हणणं असं की विचार येऊन छळणार की नाही हे आपल्या हाती नाही. तो रेंगाळणार की नाही हे आपल्या हाती आहे. हा भेद नीट कळला तर निम्मं ओझं उतरतं. येशूची परीक्षा रानात झालीच. सैतानाच्या सूचना त्याच्या कानावर पडल्याच. इब्री लोकांस पत्र सांगतं की तो सर्व प्रकारे आपल्यासारखा पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. म्हणजे मोहाचा विचार समोर येणं आणि त्याला घरात घेऊन बसवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग भटकल्याचं लक्षात आलं की करायचं काय? वळायचं. एवढंच. स्वतःला रागावत बसलं तर तेवढा वेळ पुन्हा स्वतःकडेच बघण्यात जातो, देव बाजूलाच राहतो. पॅरिसमधल्या कार्मेलाईट मठात सतराव्या शतकात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू होते. त्यांनी बरीच वर्षं मठाच्या स्वयंपाकघरात काढली, नंतर चपला दुरुस्तीचं काम केलं. १६९१ मध्ये ते वारले. त्या कामात राहूनच ते देवाच्या सान्निध्याची सवय लावत गेले आणि मन सुटलं की त्याला हळूच परत आणत राहिले. चूक झाली तर ती देवापुढे कबूल करायची आणि तिच्यावर कुढत न बसता पुढे जायचं, ही त्यांची रीत मला फार निरोगी वाटते. कारण आपल्या मंडळ्यांतली अनेक भली माणसं पश्चात्तापाच्या नावाखाली नुसती कुढत असतात.

आणखी एक उपाय आहे. जो विषय प्रार्थनेत मधे येतो, त्यालाच प्रार्थनेत घ्या. मुलाची काळजी मनात आली, तर ‘प्रभू, याच मुलाबद्दल बोलूया’ असं म्हणा. कशाचीही चिंता करू नका, तर सर्व गोष्टींविषयी आपल्या मागण्या देवाला कळवा, असं पौल फिलिप्पैकरांना लिहितो ते हेच. आणि तो हे लिहितो तेव्हा स्वतः बेड्यांत आहे. शिवाय काही ओळी आधीच त्याने मंडळीतल्या दोन स्त्रियांना एकमेकींशी एकमताने राहण्याची विनंती केलीय. म्हणजे कैद आहे, मंडळीत भांडण आहे, आणि त्याच पानावर देवाची शांती तुमची अंतःकरणं आणि विचार राखील असं वचन आहे. राखणदारीचं काम तिथे शांतीकडे दिलंय, आपल्याकडे नाही.

मार्थाचं चुकलं तरी काय?

या विषयावर बोलताना लूकच्या दहाव्या अध्यायातली मार्था आणि मरीयेची गोष्ट निघतेच, आणि बहुतेक वेळा मार्थावर अन्याय होतो. मरीया प्रभूच्या पायांजवळ बसून ऐकत होती, मार्था कामात होती. म्हणून बसणं चांगलं आणि राबणं वाईट, असा अर्थ काढला जातो. ज्यांच्या वाट्याला घरचं राबणं आलंय त्यांनी हे ऐकून काय करायचं?

मजकूर जवळून वाचूया. येशूला घरी बोलावणारी मार्थाच आहे. ती कामाने गांगरते आणि येऊन म्हणते: प्रभू, माझ्या बहिणीने मला एकटीवर काम टाकलंय, याची आपल्याला काहीच पर्वा नाही का? तिला सांगा मला मदत करायला. तिच्या बोलण्यातल्या ‘मला’ आणि ‘माझ्या’ कडे लक्ष द्या. घरात साक्षात प्रभू बसलाय, आणि तिची नजर बहिणीवर खिळलीय; प्रभूशी बोलते तीही त्याने काय करावं हे सांगायला. येशू तिचं नाव दोनदा घेतो. मार्था, मार्था, तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी आणि दगदग करतेस. कामाला तो नावं ठेवत नाही. काळजीला आणि आतल्या ओढाताणीला नाव देतो. मरीयेने निवडलेला चांगला वाटा तिच्याकडून काढून घेतला जाणार नाही, हे तो स्पष्ट सांगतो, आणि त्या निवडीचं मोल कमी करायचं कारण नाही. आधी ऐकणं, मग राबणं हा क्रम तिथे आहेच.

पण मार्थाची गोष्ट इथे संपत नाही, आणि हे आपण विसरतो. योहानाच्या अकराव्या अध्यायात तिचा भाऊ लाजर वारलाय. येशू येतोय हे कळताच ती उठून त्याला सामोरी जाते, आणि आपण ख्रिस्त, देवाचा पुत्र आहात असा मी विश्वास धरलाय, अशी कबुली देते. सुवार्तांमधल्या सगळ्यात थोर कबुल्यांपैकी ही एक. नंतर बाराव्या अध्यायात, वल्हांडणाच्या सहा दिवस आधी, बेथानीत येशूसाठी जेवण केलेलं आहे. तिथे तिच्याबद्दल एवढंच लिहिलंय की मार्था वाढत होती. पुन्हा तेच काम. मरीया पुन्हा प्रभूच्या पायांपाशी, या वेळी सुगंधी तेल घेऊन. मार्थाची तक्रार नाही, येशूचा बोल नाही. मधे काय बदललं हे योहान सांगत नाही. मी मात्र असं वाचतो की हात त्याच कामात राहिले आणि नजर बहिणीवरून प्रभूकडे गेली.

हे जगाकडे पाठ फिरवणं नाही का?

लूकने मार्था-मरीयेच्या आधी काय ठेवलंय ते पाहिलं की या प्रश्नाचं उत्तर मिळतं. चांगल्या शोमरोन्याचा दाखला. मंदिराची सेवा करणारा याजक आणि लेवी वाटेत पडलेल्या जखमी माणसाला टाळून पुढे जातात; परका शोमरोनी थांबतो, जखमा बांधतो, खर्च करतो. लगेच पुढच्या ओळीत मरीया ऐकत बसलेली. दोन्ही एकत्र वाचावेत अशीच मांडणी आहे. देवाकडे पाहण्याने शेजारी दिसेनासा होत असेल, तर आपण देवाकडे पाहत नाही आहोत. योहान आपल्या पहिल्या पत्रात हे याहून रोखठोक सांगतो: डोळ्यांनी दिसणाऱ्या भावावर जो प्रीती करत नाही, त्याला न दिसणाऱ्या देवावर प्रीती करता येणारच नाही.

उलट देवाकडे लागलेलं मन कामाची निवड नीट करतं. मार्कच्या पहिल्या अध्यायात एका संध्याकाळी सगळं गाव येशूच्या दाराशी लोटतं. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच तो उठून एकांतात प्रार्थनेला जातो. शिष्य शोधत येतात: सगळे आपल्याला शोधताहेत. आणि तो म्हणतो, चला, आपण दुसऱ्या गावांत जाऊ, तिथेही मला उपदेश करायचाय. लोकांची मागणी खरी होती, गरजा खऱ्या होत्या. तरी पुढचं पाऊल मागणीने ठरलं नाही.

मग मन रिकामं करायचं का?

ख्रिस्ती मनन मन रिकामं करायला सांगत नाही. पहिल्या स्तोत्रातला धन्य माणूस परमेश्वराच्या नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करतो. म्हणजे त्याच्या मनात वचन आहे, आणि वचनामागे बोलणारा देव आहे. मन शांत होणं हा त्याचा परिणाम असू शकतो, हेतू मात्र देवाशी नातं हा आहे.

तेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणणं ही येशूने नाकारलेली व्यर्थ बडबड नव्हे का, असंही विचारतात. त्याने नाकारलं ते बडबडीने देव ऐकेल हा समज. गेथशेमाने बागेत त्याने स्वतः तेच शब्द बोलून तिसऱ्यांदा प्रार्थना केली, असं मत्तय लिहितो. पाचव्या शतकात जॉन कॅसियन यांनी वाळवंटातल्या संन्याशांची एक रीत नोंदवून ठेवलीय: ७०व्या स्तोत्राची पहिली ओळ, देवा माझ्या मदतीला लवकर ये या आशयाची, दिवसभर सुखात आणि संकटात म्हणत राहायचं. पूर्वेकडच्या मंडळ्यांत ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही प्रार्थना अशीच रुजली. शब्द थोडे असले की थकलेल्या माणसालाही म्हणता येतात.

काहीच जाणवत नाही तेव्हा

देवाकडे मन आहे की नाही हे भावनेवरून मोजू नका. ४२व्या स्तोत्राचा कवी स्वतःच्याच जिवाला विचारतो, तू असा खिन्न का झालास, आणि त्याला सांगतो, देवाची आशा धर. खिन्नता गेलेली नाही. तिच्याशी तो बोलतोय. ८८वं स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, एकही उजळ ओळ न येता संपतं. तरी ते पहिल्या ओळीपासून देवाला उद्देशून आहे. मला हे स्तोत्र फार धीर देतं, कारण असं बोलणंही प्रार्थनेत बसतं हे शास्त्रानेच मान्य केलंय.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. मन सतत काळोखात असेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो विश्वासाचा कमीपणा समजून एकट्याने झुंजू नये. संदेष्टा एलीया कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतर रानात झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला काय सांगतो? ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. तो खातो, झोपतो, आणि दूत दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला देतो, कारण प्रवास तुला झेपणारा नाही. प्रवचन नाही, दोष नाही. देवाची मंद वाणी त्याला ऐकू येते ती त्यानंतर, होरेबाच्या डोंगरावर. डॉक्टर, औषध, समुपदेशन यांना मी त्या भाकरीच्या जागी धरतो.

रोज काय करता येईल

थोडं ठरवा आणि ते पाळा. दानीएल दिवसातून तीनदा यरुशलेमेच्या दिशेच्या खिडक्या उघडून प्रार्थना करायचा. राजाची मनाई आली तेव्हा त्याला नवीन काही करावं लागलं नाही, पूर्वीसारखंच चालू ठेवलं. सकाळी एक छोटा उतारा सावकाश वाचा, त्यातलं एक वाक्य निवडा आणि दिवसभर जवळ ठेवा. कामं बदलतात त्या सांध्यांवर ते आठवा: दार उघडताना, वाहन सुरू करताना, कठीण फोन उचलण्याआधी. नहेम्याचा क्षण तिथेच सापडतो.

मोबाईलबद्दल फार लांबण लावत नाही, पण टाळताही येत नाही. त्यातली बरीच ॲप आपलं लक्ष जास्तीत जास्त वेळ धरून ठेवण्यासाठीच बनवलेली असतात, कारण जाहिरातींचा पैसा त्यावर चालतो. ११९व्या स्तोत्रात विनवणी आहे की निरर्थक वस्तू पाहण्यापासून माझी दृष्टी वळव. उठल्यावर आधी वचन आणि मग स्क्रीन, एवढा क्रम जरी बदलला तरी दिवसाचा सूर बदलतो. आपण ज्याच्याकडे पाहत राहतो त्याच्यासारखे होत जातो, हे पौलाने करिंथकरांना ख्रिस्ताबद्दल लिहिलंय, पण तो नियम वाईट गोष्टींनाही लागू पडताना दिसतो.

आणि महिनेच्या महिने कोरडे गेले तर?

तसं होतं. तेव्हा पेत्राची आठवण ठेवावी. तो आपली ओळख नाकारणार हे येशूला आधीच माहीत होतं, आणि त्याने त्याला आधीच सांगून ठेवलं: तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केलीय, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. घसरण्याआधीच परतण्याची गोष्ट झाली होती, परतल्यावरचं कामही ठरलं होतं. रोमकरांच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा आपल्यासाठी विनंती करतो, आणि देवाच्या उजवीकडे ख्रिस्तही तेच करतोय. आपली प्रार्थना थांबली म्हणून ती विनंती थांबत नाही.

अशा काळात एकटं राहू नका. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात पक्षघाती माणसाला चौघे उचलून आणतात, छप्पर उघडून येशूसमोर सोडतात, आणि येशू त्यांचा विश्वास पाहून त्याला क्षमा करतो. त्या माणसाने तोंडातून शब्द काढल्याचं लिहिलेलं नाही. उपासनेत गाणं गळ्यातून निघत नसेल तरी जाऊन बसा. बाजूची माणसं गात असतील. मंडळीतल्या एका विश्वासू माणसाला स्पष्ट सांगा की सध्या मला प्रार्थना होत नाही, माझ्यासाठी कराल का. आणि असं कुणी तुम्हाला सांगितलं, तर सल्ला देण्याआधी तिथेच, त्याच्यासोबत, दोन वाक्यांची प्रार्थना करा.